पळसखिंडीचं आठशे तेविसावं मत

एका मतासाठी बायकोनं नवऱ्याचं किती डोकं खावं, याला काही सुमार? आणि तेही अशा मतासाठी, जे मोजून झाल्यावर निकालात एका आकड्याचाही फरक पडला नाही! तीन आठवडे, एक तहसीलदार, दोन शिपाई आणि सत्तर वर्षांची मैत्री, एवढं सगळं त्या एका मतात गेलं. मी, मुकुंद फडतरे, निवृत्त मुख्याध्यापक, वय वर्षं शहात्तर, हे सगळं समोर बसून बघत होतो. खरं तर त्यातला मुख्य आरोपी मीच होतो. पण ते नंतर.

आधी सावलीचं सांगतो, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

आमच्या पणज्या-आज्यांना मत मिळालं तेव्हा लोक सणाला जावं तसे मत द्यायला गेले. उमेदवारागणिक वेगळी पेटी असायची. पुढं एक पेटी आणि शिक्का आला, मग बटणाचं यंत्र आलं, एकविसाचं वय अठरा झालं. दर वेळी मत देणं सोपं होत गेलं, आणि दर वेळी माणसं म्हणाली, अजून थोडं सोपं करा. शेवटी सन दोन हजार एकोणचाळीसच्या निवडणुकीत शंभरातली एकतीसच माणसं मतदानाला आली. बाकीची घरी बसून राज्यकर्त्यांना शिव्या देत होती.

तोवर प्रत्येकाच्या मनगटात सरकारी कडं आलेलंच होतं. ते प्रकृतीसाठी होतं. नाडीचे ठोके, कातडीवरचा घाम, आवाजातला कंप, सगळं ते टिपायचं. मग कुण्या संशोधकांच्या ध्यानात आलं की माणसाचा निर्णय जिभेवर यायच्या आधी अंगात होऊन गेलेला असतो. मंडईत तुम्ही वांगी घ्यायची की दोडका याचा विचार करत उभे असता, पण तुमची नाडी वांग्याकडं केव्हाच कलंडलेली असते. अशा हजारो बारीक निर्णयांची नोंद जमली की त्यातून माणसाचा एक नमुना तयार होतो. कुणाचं बोलणं ऐकताना तुमचा श्वास आखडतो, कुणाचा चेहरा दिसला की छाती सैल होते, हे त्या नमुन्याला ठाऊक. त्याला मतपत्रिका दाखवली की तो तुमच्यासारखंच मत देतो. शंभरात नव्याण्णव वेळा बरोबर. याचं नाव सावली. जो माणूस दुपारी तीनपर्यंत मतदानाला येणार नाही, त्याचं मत त्याच्या सावलीनं द्यायचं, असा कायदा झाला.

लोकांनी पेढे वाटले. उन्हात उभं राहायचं काम संपलं. आमच्या रामा गुरवानं तर आपलं कडं म्हशीच्या शिंगात अडकवलं. त्याची सावली तीन निवडणुका म्हशीच्या मतानं चालली आणि तिन्ही वेळा तिनं निवडलेला उमेदवार बाकीच्यांपेक्षा बरा निघाला. ही थाप नाही. म्हशीला विचारा.

आमच्या घरात मात्र एक अडचण होती. तिचं नाव रत्नमाला. माझी बायको.

रत्नमालाच्या आजीचं नाव चंद्रभागा. पहिल्या निवडणुकीची यादी करायला कारकून दारात आला, तेव्हा बाईनं परक्या पुरुषाला स्वतःचं नाव सांगायचं नाही, अशी रीत. ती आतून म्हणाली, "लिहा, तात्याची आई." कारकुनानं तसंच लिहिलं. पुढं वरून हुकूम आला, ज्या बायकांनी नाव सांगितलेलं नाही त्या यादीतून काढा. देशभरातल्या लाखो बायका अशा गळाल्या, त्यांत ही एक. मतदानाच्या दिवशी नवं लुगडं नेसून गेली आणि तशीच परत आली. पाच वर्षांनी तोच कारकून पुन्हा आला तेव्हा ती उंबऱ्यावर येऊन उभी राहिली, नाव सांगितलं आणि ते त्याच्याकडून तीनदा मोठ्यानं वाचून घेतलं. ही गोष्ट रत्नमालानं मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सांगितली, आणि वर म्हणाली, "मी कुणाला मत देते ते कधी विचारायचं नाही."

पन्नास वर्षं मी विचारत होतो. पन्नास वर्षं ती सांगत नव्हती. सरकारनं दिलेलं कडंही तिनं हातात घातलं नाही. स्वयंपाकघरात खिळ्याला टांगून ठेवलं. महिन्याकाठी ते बिचारं बोलायचं, "आपली नाडी सापडत नाही. कृपया विश्रांती घ्यावी." ही भाकरी थापता थापता म्हणायची, "तूच घे."

तर यंदा आमच्या पळसखिंडीत सरपंचपदाची निवडणूक लागली. उभे दोघंच. कपबशी या चिन्हावर भगवान शेडगे, माझा पहिलीपासूनचा मित्र, चार वेळा सरपंच झालेला. समोर शिवणयंत्र चिन्हावर छबूताई वाघमोडे, निवृत्त अंगणवाडी सेविका.

मतदानाच्या आदल्या दुपारी मी आणि भगवान ओसरीवर पत्ते खेळत होतो. माझ्या हातात बदामाची राणी, गुलाम आणि एक्का. एवढ्यात माझं कडं बोललं, "उद्याचं मत सकाळी सातलाच पाठवायचं का?" मी म्हटलं, होय. "कुटुंबाच्या सावल्याही सोबत पाठवायच्या का?" आता बदामाचा एक्का हातात असताना कोण विचार करतो? मी म्हटलं, होय, होय, पाठव!

बस्स. एवढाच माझा गुन्हा.

दुसऱ्या दिवशी दहाला रत्नमाला शाळेत मतदानाला गेली. गावातून दरवेळी आठ-दहा माणसंच जातात, त्यात ही असतेच. मी छत्री धरून मागं. केंद्राध्यक्ष म्हणून एक तरुण मॅडम बसल्या होत्या. यादी बघून म्हणाल्या, "आजी, तुमचं मत झालंय."

"कुणी दिलं?"

"तुमच्या सावलीनं. सकाळी सातला." मॅडमनी पडद्यावर बोट फिरवलं. "पण गंमतच आहे. तुमच्या कड्यात आठ वर्षांत एकही ठोका नाही. अशा वेळी सावली घरातल्या जवळच्या माणसाच्या नोंदीवरून भरतात. म्हणजे ही... मुकुंद फडतरे यांचीच प्रत आहे."

रत्नमाला सावकाश माझ्याकडं वळली. मी छत्री मिटली. उगीच, हाताला काहीतरी काम म्हणून.

"म्हणजे माझं मत यांचं?"

"हो ना. पण काळजी करू नका, मत वाया नाही गेलं."

"मला मत द्यायचंय."

"आजी, आता नाही देता येणार."

"अहो," रत्नमाला मला म्हणाली, "सांगा तिला ते लिफाफ्याचं."

अकरा निवडणुकांना मी केंद्राध्यक्ष होतो. तुमच्या नावावर दुसराच कुणी मत देऊन गेला असेल, तर तुम्ही स्वतः ते मागू शकता, असा जुना नियम आहे. त्याला प्रदत्त मत म्हणतात. छापील मतपत्रिकेवर शिक्का मारायचा आणि ती वेगळ्या लिफाफ्यात बंद करायची. मोजणीत ती धरत नाहीत. तंटा झाला तरच उघडतात. हे मी जेवताना इतक्या वेळा ऐकवलं होतं की बाईला पाठ होतं. माणसानं घरात ज्ञान पाजळू नये ते याचसाठी.

"अहो!"

सांगितलं. मॅडमनी पुस्तिका चाळली. नियम होता; काढून टाकायचा कुणाला सुचलंच नव्हतं. पेटीच्या तळाशी मतपत्रिका निघाल्या, बाणफुलीचा शिक्का निघाला. शाईचं पॅड वाळून खडक झालेलं. रत्नमालानं त्यावर दोनदा गरम श्वास सोडला, पडद्याआड गेली, आली, लिफाफा स्वतः डिंकानं चिकटवला. मॅडमनी त्यावर नाव लिहिलं. मला वाटलं, चला, हौस फिटली.

चारला निकाल लागला. एकूण मतं आठशे तेवीस. छबूताई चारशे बारा. भगवान चारशे अकरा.

एका मतानं!

संध्याकाळी भगवान ओसरीवर आला. चेहरा पडलेला, पण डोक्यात किडा वळवळत होता. "मुकुंदा, वहिनींनी लिफाफा भरलाय म्हणं. वहिनी, तुमची सावली नक्की त्या छबूकडं गेली. बाईचं मत बाईला, असंच त्या यंत्राला वाटलं असणार. आपण तक्रार करू. लिफाफा उघडला की बरोबरी तरी होतीया!"

रत्नमाला चहा घेऊन आली. "भाऊजी, माझी सावली म्हणजे यांची प्रत होती. मॅडमच म्हणाल्या."

भगवाननं कप तोंडाशीच थांबवला. बोटांवर हिशेब केला. "याची प्रत? मग ती माझीच झाली की! मुकुंदाचं मत कपबशीला, तुमचंबी कपबशीला. मग ते रद्द करून काय उपयोग? माझंच एक कमी व्हायचं. नको वहिनी, राहू द्या तो लिफाफा."

"मी तुमच्यासाठी उघडत नाही, भाऊजी. माझ्यासाठी उघडतेय."

"आरं मुकुंदा, सांग तिला!"

मी काय सांगणार? मला एकट्यालाच ठाऊक होतं. सकाळी सातला माझ्या कड्यावर पावती उमटली होती: शिवणयंत्र.

यंत्र चुकलं असं मी स्वतःला सांगून बघितलं. पण ते चुकलं नव्हतं. भगवान माणूस सोन्यासारखा; मी टायफॉइडनं पडलो तेव्हा अकरा दिवस माझ्या उशाशी बसला होता. पण सरपंच म्हणून? गावाला रस्ता नाही आणि यानं वेशीवर एकवीस फुटी स्वागत कमान बांधली! रस्ताच नाही म्हटल्यावर कमानीखालून येणार कोण? पाहुणे शेतातून येतात आणि कमान लांबून बघतात. त्या वर्षापासून मी मत दुसरीकडं देत होतो, आणि दर वेळी भगवानच्या पाठीवर थाप मारून म्हणत होतो, "दिलं बरं का!" बटणाच्या यंत्राला माझी थोडी तरी भीड होती. या कड्याला काडीचीही नव्हती.

आता माझी पंचाईत बघा. गप्प बसलो तर भगवान समाधानात, छबूताई सरपंच, म्हणजे माझ्या मनासारखं, आणि माझी लबाडी झाकलेली. तोंड उघडलं तर मैत्री गेली. खरं तर लिफाफा उघडण्यातच भगवानची एकमेव आशा होती, आणि तोच "नको नको" म्हणत होता! फक्त रत्नमालाचं मत तेवढं मरणार होतं.

तिनं तहसीलात अर्ज केला. उत्तर आलं: सावली प्रतीवरून भरल्याचं सिद्ध करण्यासाठी मूळ सावली उमेदवारांसमोर उघडावी लागेल, मूळ व्यक्तीची लेखी संमती जोडावी.

"सही करा," रत्नमाला म्हणाली.

"बघू. चष्मा सापडत नाही."

"नाकावर आहे."

"अगं, गुप्त मतदान म्हणजे लोकशाहीचा पाया. मी ते असं चारचौघांत..."

तिनं कागदाची घडी घातली आणि मिठाच्या बरणीखाली ठेवली. दुसऱ्या दिवसापासून मात्र जे सुरू झालं, ते वैऱ्यावरही येऊ नये.

भाजीवाली दारात आली. "मावशी, मेथी देऊ का शेपू?"

"यांना विचार. माझं मत यांच्याकडं असतं."

मी मेथी म्हटलं. मेथी झाली, पण अळणी. "मीठ कमी आहे का गं?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"कमी आहे."

"मग मलाही कमी वाटतं."

"मग घालायचं ना!"

"घालू का? तुम्ही सांगाल तसं."

डॉक्टरकडं गेलो. तिचा गुडघा दुखत होता. डॉक्टर विचारतात, कुठं दुखतंय? ही म्हणते, "त्यांना विचारा, माझी नोंद त्यांच्यावरूनच भरतात." डॉक्टरांनी माझा गुडघा तपासला आणि मलाच गोळ्या दिल्या. नात्यातल्या लग्नाला गेलो, तर आहेरावर नाव काय घालायचं विचारल्यावर म्हणाली, "लिही, मास्तरांची बायको." लिहिणारा लिहायला लागला. सत्याण्णव वर्षांपूर्वीच्या त्या कारकुनाच्या टाकाची कुरकुर मला तिथं मंडपात, सनईच्या गोंगाटात ऐकू आली.

"थांब," मी त्या माणसाला म्हणालो. "रत्नमाला फडतरे असं लिही. पूर्ण."

घरी आल्यावर मी सही केली. कागद तिच्यापुढं टाकला आणि म्हणालो, "माझी एक गोष्ट बाहेर पडेल यातून. भगवान पुन्हा या ओसरीवर येणार नाही."

तिनं सहीवर फुंकर मारली. "कमानीपासून ना?" ती म्हणाली.

"तुला ठाऊक होतं?"

"पन्नास वर्षं स्वयंपाक करतेय तुमचा. कडं कशाला लागतंय?"

आणि ही बाई स्वतःचं मात्र सांगत नव्हती!

सुनावणी चावडीत झाली. तहसीलदारसाहेब आले, दोन शिपाई आले, पडदा आला. निम्मं गाव आलं; जे मत द्यायला शंभर पावलं चालत नाही, ते मत उघडताना बघायला शेतातून पळत आलं.

भगवान उठून उभा राहिला. "साहेब, माझी हरकत हाय. मुकुंदा माझा जिवाचा दोस्त. त्याची प्रत रद्द केली तर माझं एक मत जाणार!"

"मूळ सावली उघडतो," साहेब म्हणाले. मी चावडीच्या छताचे वासे मोजायला सुरुवात केली. पाच झाले होते. "मुकुंद फडतरे. शिवणयंत्र."

भगवाननं माझ्याकडं बघितलं, मग पडद्याकडं, मग पुन्हा माझ्याकडं. सावकाश खाली बसला. मी टायफॉइडमध्ये पडलो होतो तेव्हाही मला इतकी थंडी वाजली नव्हती.

"प्रत रद्द," साहेब म्हणाले. "छबूताई चारशे अकरा, भगवान शेडगे चारशे अकरा. आता लिफाफा." मग चष्मा काढून त्यांनी रत्नमालाकडं बघितलं. "आजी, हे एकच मत आहे. उघडलं की तुम्ही कुणाला दिलंत ते अख्ख्या गावाला कळणार. विचार करा."

हे मात्र आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. रत्नमाला पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. एकीकडं छबूताई, जिच्यासोबत ती दर मंगळवारी दळणाला जाते. दुसरीकडं भगवान, ज्याला ती पन्नास वर्षं भाऊबीजेला ओवाळते. पन्नास वर्षं जे नवऱ्याला कळू दिलं नाही, ते आता रामा गुरवाला कळणार होतं, त्याच्या म्हशीलासुद्धा.

"उघडा," ती म्हणाली. "पण आधी वरचं नाव वाचा."

"रत्नमाला मुकुंद फडतरे."

"मोठ्यानं."

साहेबांनी मोठ्यानं वाचलं.

"अजून एकदा."

तिसऱ्यांदा साहेबांनी न सांगता वाचलं. मग लिफाफा फाडला, कागद उलगडला. फिकट, श्वासानं ओलावलेल्या शाईची बाणफुली होती.

"शिवणयंत्र. छबूताई चारशे बारा, भगवान शेडगे चारशे अकरा."

चावडीत हशा पिकला. साहेबांनी कपाळाला हात लावला. "आजी, हाच निकाल तर तीन आठवड्यांपूर्वी लागला होता! हेच मत होतं!"

मीही उसळलो. "तीन आठवडे! अळणी मेथी! माझ्या धडधाकट गुडघ्याला गोळ्या! अगं, हेच तर होतं!"

"ते तुमचं होतं," रत्नमाला म्हणाली. "हे माझं आहे." आणि चप्पल घालून चालू लागली.

भगवान आठ महिने ओसरीवर आला नाही. पत्ते तसेच फडताळात पडून राहिले. मी दोनदा त्याच्या दारावरून मुद्दाम गेलो. तो आत आहे हे कळायचं, कारण रेडिओ बंद व्हायचा.

मग जिल्हा परिषदेची निवडणूक आली. चावडीतलं ऐकून गावात काय झालं कुणास ठाऊक. प्रत्येकाला वाटायला लागलं, आपली सावली नक्की कुणाची प्रत आहे? शाळेपासून पार वेशीबाहेर रांग लागली. ऊन असं की डांबर असतं तर वितळलं असतं. पण रस्ताच नाही. मी तासभर उभा, घामानं निथळत, सगळ्यांवर करवादत. रत्नमाला बायकांच्या रांगेत पहिली. रामा गुरवही आला होता. म्हशीला त्यानं घरी ठेवलं होतं.

रांग सरकत सरकत कमानीखाली आली. तेवढीच गावात सावली. मागं कुणीतरी खाकरलं. वळून बघितलं, तर भगवान.

दोघांनीही मान वर करून कमानीकडं बघितलं.

"मुकुंदा," तो म्हणाला, "कुणाला देणार रं?"

जन्मभर या प्रश्नाचं उत्तर माझ्या तोंडात तयार असायचं. त्याच्या पाठीवर थाप मारायला हात निम्मा वर गेलाही. मी तो खाली घेतला.

"सांगणार नाही."

भगवाननं टोपी काढली, घाम पुसला, पुन्हा घातली.

"नगंच सांगूस," तो म्हणाला. "संध्याकाळी पत्ते काढून ठेव."